वरची जोडी आणि मळकी खोली

पत्त्यांच्या खेळात हातात वरची जोडी असताना जो माणूस ‘चेक’ म्हणत टेबलावर बोट आपटतो, त्याची थोरलीला जेवढी किळस यायची तेवढी हॉस्पिटलच्या चादरींचीही येत नसे. आणि चादरींची किळस काही थोडीथोडकी नव्हती. ती एका मोठ्या हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत कामाला होती. आजारी माणसाच्या अंगाखालून काय काय निघतं ते ज्यांनी पाहिलं नाही ते सुखी आहेत, एवढंच म्हणते मी. गाठोडं सोडलं की आधी वास येतो आणि मग दिसतं. तरी थोरली म्हणायची, चादरीचा काय दोष, तिला कुणी विचारलं होतं का? पण माणसाच्या हातात चांगला पत्ता येतो आणि तो मान खाली घालून बसतो, त्याला काय म्हणायचं?

थोरली हे काही तिचं नाव नव्हे, पण लॉन्ड्रीत तेच चालायचं. एका घरातल्या दोन सख्ख्या जावा तिथे नोकरीला होत्या. आधी आली ती थोरली, तिच्या ओळखीने मागून चिकटली ती धाकटी. नवऱ्यांची नावं तिथे कुणाला ठाऊक नव्हती आणि कुणाला पडलेलीही नव्हती. थोरली हाडकुळी, उंच आणि तोंडाची फटकळ. धाकटी गोलमटोल, शांत, कुणी तिच्या पायावर पाय दिला तर उलट त्यालाच ‘लागलं का हो?’ विचारणारी. थोरलीला या स्वभावाचा उबग यायचा. अगं, पाय तुझा चेचला, माफी तू कसली मागतेस, असं ती चारचौघांत फाडकन बोलायची. धाकटी हसायची. सगळं हसण्यावारी न्यायची तिची जुनीच खोड होती.

आता लॉन्ड्री कशी होती ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मधोमध एक भिंत आणि त्या भिंतीत बसवलेली भलीमोठी मशीनं. प्रत्येक मशीनला दोन दारं. भिंतीच्या या बाजूने मळकं आत टाकायचं आणि त्या बाजूने धुतलेलं बाहेर काढायचं. धुतलेल्या बाजूला उजेड, इस्त्रीची वाफ, घड्या घालायची लांब टेबलं आणि एक रेडिओ. मळक्या बाजूला गाठोडी. तिथे दोघांनी उभं राहून चादरी, गाऊन, टॉवेल वेगळे करायचे, त्यातून सुया, कापूस, अर्धी खाल्लेली फळं, एखादी कवळी असं जे निघेल ते काढायचं आणि मग मशीन भरायचं. मळक्या खोलीतल्या माणसाने आंघोळ करून कपडे बदलल्याशिवाय पलीकडे पाऊल टाकायचं नाही. त्यांचा चहासुद्धा खिडकीतून सरकवला जायचा. वरच्या साहेबांनी त्या खोलीत हात धुण्याच्या पद्धतीचं एक रंगीत चित्र लावलं होतं आणि हातमोजे मात्र अंगठ्यात फाटलेले पाठवले होते. थोरली त्या चित्राकडे बघून रोज एकदा ‘शी’ म्हणायची.

सहा-सहा महिने मळक्या खोलीत कोणी जायचं, यावरून पूर्वी तिथे झिंज्या उपटायची वेळ आली होती. साहेब म्हणाले, तुमचं तुम्ही ठरवा, आम्हाला माणसं उभी दिसली म्हणजे झालं. तेव्हा बॉयलरवर काम करणाऱ्या एका म्हाताऱ्याने तोडगा काढला. तो पूर्वी जहाजावर होता आणि तिथे पोकर शिकला होता. सहा महिन्यांतून एकदा बॉयलर साफ करायला बंद ठेवत, तेव्हा वाफ नाही म्हणजे काम नाही. त्या दुपारी सगळ्यांनी घड्यांच्या टेबलाभोवती बसायचं आणि पत्ते खेळायचे. पैसा एक नाही. रद्द झालेल्या डॉक्टरी कोटांची बटणं काढून डब्यात ठेवलेली होती, ती सगळ्यांना सारखी वाटायची. बॉयलर परत पेटला आणि त्याची शिट्टी झाली की शेवटचा डाव. ज्या दोघांकडे सगळ्यात कमी बटणं, ती दोघं मळक्या खोलीत. म्हातारा केव्हाच निवृत्त झाला, पण रिवाज राहिला.

पत्त्यांचं नाव काढलं की काही सज्जन नाक मुरडतात. मुरडू देत. चिठ्ठ्या टाकल्या असत्या तर तो न्याय झाला असता का? खेळ तसा सोपा होता. प्रत्येकाला दोन पत्ते, झाकलेले. मग मध्ये सगळ्यांसाठी उघडे पत्ते पडायचे, आधी तीन, मग एक, मग शेवटचा एक. आपले दोन आणि मधले पाच मिळून ज्याचं सगळ्यात भारी जुळेल तो जिंकला. दर वेळी पत्ते पडले की चाल करायची, म्हणजे बटणं पुढे सरकवायची. म्हाताऱ्याने एक गोष्ट पक्की बांधून दिली होती, चाल ठरलेली. सुरुवातीला दोन बटणं, शेवटच्या दोन पत्त्यांना चार. वाढवायची तरी तेवढ्यानेच वाढवायची. सगळा ढीग एकदम पुढे ढकलून समोरच्याची बोबडी वळवायची सोय नाही. एका झटक्यात कोणी उघडं पडायला नको, असं म्हातारा म्हणायचा.

बाकीच्यांनी यावरून काढलेला अर्थ असा की हा सभ्य खेळ आहे, हळू हळू खेळावा. थोरलीने नेमका उलटा अर्थ काढला होता. मधल्या उघड्या पत्त्यांतला सगळ्यात मोठा पत्ता आणि आपल्या हातातला पत्ता सारखा आला की झाली वरची जोडी. आता चाल ठरलेली, म्हणजे समोरच्याला धाक घालून पळवता तर येत नाही. तो दोन बटणं टाकून पुढचा पत्ता बघणारच. मग आपल्या हातात उरलं काय? एवढंच की त्याला तो पत्ता फुकट बघू द्यायचा नाही. दर वेळी चाल लावायची, त्याने लावली तर वाढवायची, थांबायचं म्हणून नाही. ज्याला आपल्या कच्च्या पत्त्यांचं काहीतरी पिकेल अशी आशा आहे त्याने त्या आशेची किंमत मोजावी. मोजत नाही म्हणतो? मग ऊठ आणि चालता हो. यात दुष्टपणा काय आहे ते मला तरी आजवर कळलेलं नाही.

पण लोक कसे असतात? वरची जोडी आली की त्यांच्या पोटात गोळा येतो. समोर कुणाकडे तरी याहून भारी असेल, या भीतीने ते ‘चेक’ म्हणतात, म्हणजे चाल न लावता पुढचा पत्ता येऊ देतात. तो फुकट पत्ता समोरच्याला लागतो, आणि मग हे कपाळावर हात मारतात की माझं नशीबच फुटकं. थोरलीच्या डोक्यात तिडीक जायची. तिची एक सवय सगळ्यांच्या डोळ्यांत खुपायची. डाव जिंकला की हरलेल्याने झाकून टाकलेले पत्ते ती उलटे करून बघायची. रिवाज असा होता की जिंकेल त्याने पत्ते गोळा करायचे, त्यामुळे तिला अडवता यायचं नाही. पत्ते बघून ती हरलेल्याची खरडपट्टी काढायची. राणीची जोडी घेऊन गप्प कशाला बसलास, कुणाच्या लग्नाला आला होतास का इथे? असं. माणसं कानकोंडी व्हायची. मुकादम पत्ते वाटायचा, तो म्हणायचा, बाई, बटणं मिळाली ना, आता शिकवणी कशाला? थोरली म्हणायची, बटणं माझी, पण डोळ्यांपुढे घाण दिसली की मला राहवत नाही.

एकदा तर तिने कहर केला. ट्रॉली ढकलणारा एक जण होता आणि त्याचा मेव्हणाही तिथेच कामाला होता. शेवटच्या डावात ट्रॉलीवाल्याने मेव्हण्याला बटणं मिळावीत म्हणून चांगले पत्ते मुद्दाम टाकून दिले. त्यांच्यात याला ‘सोडणं’ म्हणत, आणि सोडण्याला नियम कडक होता. सोडणारा आणि सुटणारा, दोघंही थेट मळक्या खोलीत. थोरलीने पत्ते उलटे केले, एक्क्याची जोडी सगळ्यांना दाखवली आणि दोघांना आत धाडलं. मेव्हण्याच्या बायकोचे तेव्हा दिवस भरत आले होते. त्याला घरी कुणाला शिवू देईनात. ट्रॉलीवाला थोरलीला म्हणाला होता की बाई, नात्यागोत्याची तुम्हाला काही चाड आहे की नाही? त्यावर ती म्हणाली की नातं घरी ठेवून यायचं, टेबलावर आणायचं नाही, इथे आणलं की त्याला वास येतो. हे वाक्य लॉन्ड्रीत पुष्कळ दिवस फिरत होतं आणि तिला त्याचा अभिमान होता.

मग तिचे दिवस फिरले. एकदा पत्तेच पडेनात आणि ती मळक्या खोलीत गेली. पुढच्या वेळी पत्ते पडले, वरच्या जोड्या आल्या, तिने झोडपून काढलं, आणि तीनदा समोरच्याला शेवटचा पत्ता लागला. असंही होतं. नीट खेळणारा हरत नाही असं नाही, तो हरतोच, फक्त त्याला स्वतःची लाज वाटत नाही. ती पुन्हा मळक्या खोलीत गेली. तिने तक्रार केली नाही. पण फाटक्या हातमोज्यातून औषधाचं पाणी आत जायचं, अंगठे आणि पहिली बोटं पांढरी पडून सोलायला लागली, आणि वास कातडीत मुरला. साबण झाला, लिंबू झालं, राखही झाली. वास जाईना.

घरी तिची नात होती, मुलाची मुलगी, बोबडं बोलणं नुकतंच सुटलेलं. आई-बाप दोघंही कामावर, त्यामुळे संध्याकाळी पोरीला जेवू घालायचं ते थोरलीने. दुधात पाव कुस्करून एकेक घास भरवायचा आणि तोंडाने बकबक करत राहायचं, हे तिच्या दिवसातलं एकच काम असं होतं की त्यात तिला कशाची शिसारी येत नसे. एके संध्याकाळी पोरीने तोंड फिरवलं. थोरलीने घास पुढे केला तर पोरीने आपलं इवलंसं नाक दाबलं आणि म्हणाली, “आजी, तुझा हात घाण आहे.”

त्या दिवशी लवकर आलेली सून हां हां म्हणत धावली, पोरीला रागावली, आणि ते तर आणखीनच लाजिरवाणं झालं.  थोरलीने चमच्याने भरवून पाहिलं. पोरगी चमचा धरणाऱ्या हाताकडे बघायची आणि ओठ घट्ट मिटायची. शेवटी धाकटी पुढे झाली, तिने ताटली घेतली आणि हातानेच भरवलं. धाकटीला स्वतःचं मूल नव्हतं. पोरगी तिला छोटी आजी म्हणायची. छोट्या आजीच्या हातून पोरगी मुकाट जेवली, आणि त्या दिवसापासून ते तसंच पडून गेलं. थोरली आतल्या खोलीत बसून ताटली सरकल्याचा आवाज ऐकायची. तिला घरातल्या प्रत्येकाचा राग यायचा. सुनेच्या समजूतदारपणाचा यायचा, धाकटीच्या ‘ताई, लहान आहे हो ती’ या बोलण्याचा यायचा आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या हातांचा यायचा. तिने मनाशी घट्ट धरलं की या वेळी काही करून धुतलेल्या बाजूला जायचं. आणखी सहा महिने गेले तर पोरीला तिच्या हाताची आठवणही राहणार नव्हती.

बॉयलर बंद झाला आणि खेळाची दुपार आली. थोरलीने नेहमीसारखंच खेळायला घेतलं, पण नशीब तोंड वाकडं करून बसलेलं. थोडं मिळायचं, जास्त जायचं. ट्रॉलीवाल्याचा मेव्हणा तर लवकरच नागवला, त्याच्यापुढे एक बटण राहिलं नाही. म्हणजे मळक्या खोलीतला एक जण ठरला. दुसरी जागा कुणाची हे बघता बघता स्पष्ट होत गेलं. बाकी सगळे पुष्कळ वर होते. तळाला थोरली, आणि तिच्या किंचित वर धाकटी.

शिट्टी झाली. शेवटचा डाव. मुकादमाने पत्ते वाटले आणि इतरांनी ते न बघितल्यासारखे टाकून दिले, कारण त्यांना आता पोटाचं पाणी हलवायची गरज नव्हती. धाकटीनेही टाकून दिले असते तर ती सुटली असती आणि थोरली आत गेली असती. धाकटीने पत्ते उचलले, बघितले, खाली ठेवले आणि दोन बटणं पुढे केली. टेबलावर कुजबुज झाली. मुकादम म्हणाला की तुम्ही दोघी एका घरातल्या, बाहेरच्या बाहेर काय ते ठरवा, आपल्याच माणसाला कशाला रगडायचं? थोरलीने त्याच्याकडे असं बघितलं की तो पत्ते पिसत नसतानाही पिसल्यासारखं करू लागला.

थोरलीकडे राजा आणि दश्शी होती. तिनेही दोन बटणं टाकली. मधले तीन पत्ते पडले, बदामचा राजा, अठ्ठी आणि तिर्री. वरची जोडी.  तिने दोन बटणं सरकवली. धाकटीने नुसती दोन बटणं टाकली, वाढवली नाहीत. चौथा पत्ता छक्की. थोरलीने चार लावली. धाकटीने पुन्हा नुसती बरोबरी केली आणि पदराने कपाळ पुसलं. थोरलीला तिची कीव आली आणि कीव आल्याचा रागही आला. काय आहे हिच्याकडे? अठ्ठीची जोडी? काहीतरी कच्चं धरून ओढत चालली आहे आणि बटणं घालवते आहे. वाढव तरी, नाहीतर टाक तरी. हे मधलं लोंबकळणं थोरलीने तिला घरी भाजी निवडताना किती वेळा समजावलं होतं. शेवटचा पत्ता पडला, दुर्री. कुणाच्या बापाला उपयोग नसलेली दुर्री. थोरलीने शेवटची चार बटणं पुढे ढकलली. धाकटीने चार टाकली आणि वाट बघत बसली.

थोरलीने राजा आणि दश्शी उलटी केली. धाकटी क्षणभर त्या पत्त्यांकडे बघत राहिली. मग तिने आपले दोन पत्ते झाकलेलेच पुढे सरकवले आणि म्हणाली, “तुमचंच, ताई.”

टेबलावरचे लोक सैल झाले. खुर्च्या मागे सरकल्या. आता खरडपट्टी ऐकायला मिळणार म्हणून ट्रॉलीवाला मुद्दाम थांबला होता. थोरलीने बटणं ओढली, पत्ते गोळा करायला घेतले आणि सवयीप्रमाणे धाकटीचे दोन पत्ते अंगठ्याने वर केले. तोंडात वाक्य तयार होतं. लोंबकळायची सवय कधी जाणार तुझी, असं काहीतरी.

एक्का आणि राजा.

धाकटीकडेही वरची जोडी होती, राजाचीच. आणि दोघींकडे एकच जोडी असली की सोबतचा पत्ता बघतात. दश्शीपुढे एक्का. डाव धाकटीचा होता. नुसते पत्ते दाखवायचे होते, बोलायचीही गरज नव्हती. सुरुवातीपासून तिला ठाऊक होतं की तिच्याकडे एक्का-राजा आहे, आणि एकदाही न वाढवता, मान खाली घालून, थोरलीच्या प्रत्येक चालीला ती आपली बटणं देत गेली होती.

“काय होतं हो?” ट्रॉलीवाल्याने विचारलं.

थोरलीचा अंगठा पत्त्यांवरच राहिला. टेबलावरचं जग तसंच होतं. मुकादम डबा उघडून बटणं भरत होता, रेडिओवर कोणीतरी हवामान सांगत होतं. तिला तिचंच वाक्य आठवलं, वास येणारं. तिला नातीचं दाबलेलं नाकही आठवलं. तिने धाकटीकडे बघितलं. धाकटी खाली बघून टेबलावरचा एक धागा नखाने खरवडत होती.

“काही नाही,” थोरली म्हणाली. “कचरा होता.” आणि तिने ते दोन पत्ते गड्डीत खुपसून गड्डी पिसली.

ट्रॉलीवाला हिरमुसून निघून गेला. एवढ्या वर्षांत खरडपट्टी चुकली ती पहिल्यांदा, पण खरं कारण कुणाच्या लक्षात आलं नाही. लोकांना वाटलं, घरची आहे म्हणून तोंड आवरलं. बाईला नात्याची चाड आहे म्हणायची, असंही कोणीतरी म्हणालं, आणि ते ऐकून थोरलीला स्वतःची किळस आली. हे मात्र खरं.

दुसऱ्या दिवसापासून ती उजेडात उभी राहून उशांच्या अभ्र्यांच्या घड्या घालू लागली. धुतलेल्या कापडाला एक छान ऊब असते. तिला ती लागेना. भिंतीतल्या मशीनचं दार उघडलं की तिला वाटायचं, हे पलीकडून धाकटीने भरलंय. चहाच्या वेळी खिडकीतून दोन पेले सरकवायचं काम तिच्याकडे आलं. धाकटी पलीकडून पेला घ्यायची, तोंडावरचं फडकं खाली ओढून हसायची आणि चहा गोड झालाय म्हणायची. थोरली मान वळवायची. रात्री झोपताना ती ठरवायची की उद्या मुकादमाला सांगून टाकू. सकाळी उठून हात बघायची. कातडी भरून येत होती. मग म्हणायची, आजचा दिवस जाऊ दे. असली लाचारी तिने दुसऱ्या कुणात बघितली असती तर त्याला उभा सोलला असता.

हात बरे झाले. वासही गेला, आणि एक दिवस पोरीने तिच्या हातून घास घेतला. कुणी काही म्हटलं नाही, सगळ्यांनी न बघितल्यासारखं केलं. थोरली त्या रात्री छान जेवली, स्वतःला मनातल्या मनात शिव्या देत जेवली, पण जेवली.

आणि मग जे व्हायचं ते झालं. एका संध्याकाळी थोरलीला यायला उशीर झाला. धाकटी आधी पोहोचली होती. थोरली दारात चप्पल काढत होती तेव्हा तिला आतलं बोलणं ऐकू आलं. धाकटी पोरीला घास भरवत होती आणि पोरगी म्हणत होती, “तू नको, छोटी आजी. तुझा हात घाण आहे. मोठ्या आजीला येऊ दे.”

“बरं,” धाकटी म्हणाली. “मोठी आजी आत्ता येईल हं.” तिने ताटली खाली ठेवली आणि मागच्या नळावर गेली.

थोरली आत आली. पोरीने तिच्याकडे बघून तोंड उघडलं, घास हवा म्हणून. थोरलीला त्या उघड्या तोंडाची, त्या नाजूक नाकाची, जन्मात पहिल्यांदा, आपल्याच रक्ताच्या पोरीची किळस आली. क्षणभर आली, पण आली. याच नाकासाठी आपण कचरा म्हणालो होतो. तिने ताटली पोरीपुढे सरकवली आणि म्हणाली की तुला दोन हात आहेत, त्यांनी खा. पोरगी रडायला लागली. थोरलीने मागे वळून पाहिलं नाही.

नळावर धाकटी विटेच्या तुकड्याने बोटं घासत होती. अंगठे सोलले होते. थोरली तिच्याशेजारी ओल्या दगडावर बसली, तिचा हात ओढला आणि नाकाशी धरला.

“येतो वास?” धाकटीने विचारलं.

“येतो.” थोरलीने आजवर तिला खोटं सांगितलं नव्हतं. हात न सोडता ती म्हणाली, “मी पाहिला होता तुझा राजा. एक्काही.”

“माहीत आहे. तुम्ही उलटून बघणार हे काय मला ठाऊक नव्हतं?”

“मग सोडलास कशाला, मूर्ख बाई?”

धाकटीने नळ बंद केला. “मला वाटलं, तुम्ही ओरडाल. दोघींना आत टाकतील, चला, निदान सोबत होईल. म्हटलं, तसं तर तसं.” तिने सोललेला अंगठा पदराला पुसला. “तुम्ही कचरा म्हणालात तेव्हा कळलं मला, तुम्हाला किती नकोसं झालं होतं ते.”

थोरलीला कुणीतरी थोबाडीत दिल्यासारखं झालं. धाकटीच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं, तिने दोन शब्द उलट सुनावले असते. ती म्हणाली की उद्या सकाळी मी मुकादमाला सगळं सांगते, त्या ट्रॉलीवाल्यासमोर सांगते, आणि येते आत.

“काही सांगू नका,” धाकटी म्हणाली. “पोरीला कोण भरवेल? घरात एकीचे तरी हात स्वच्छ असू देत.”

 थोरलीने हरतऱ्हेने शोधून पाहिलं. लावायला चाल नव्हती आणि वाढवायला तर नव्हतीच नव्हती. आतून पोरीचं रडणं थांबलं होतं, ती बहुधा आपल्या आपण खात असावी, सांडत असावी. थोरली उठली, आत गेली आणि सकाळचा उरलेला पाव आणि भाजीचं भांडं घेऊन परत नळाशी येऊन बसली. भांडं तिने धाकटीच्या पुढ्यात ठेवलं.

“भरव मला,” ती म्हणाली.

“ताई, काहीतरीच काय.”

“भरव म्हणते ना.”

धाकटीने इकडेतिकडे बघितलं. मग सोललेल्या बोटांनी पावाचा तुकडा मोडला, भाजीत बुडवला आणि थोरलीच्या तोंडाशी नेला. वास आला. औषधाचा, आणि त्या औषधाने जे जात नाही त्याचा. थोरलीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिने तोंड उघडलं आणि घास घेतला.

“पुढच्या वेळी वरची जोडी घेऊन गप्प बसलीस ना,” ती चावता चावता म्हणाली.

“तर काय कराल?”

थोरलीने मान हलवली. तोंडात घास होता, आणि तो गिळायला तिला बराच वेळ लागला.